डोक्यावर आधी, की पायांवर?



वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभे राहायचे, तर विषय कसा भारदस्त हवा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात या प्रथेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावी लोक वैशाखातल्या संध्याकाळी कपाळाचा घाम पुसत राजकारण, अर्थकारण, वेदान्त आणि वाङ्मय यांवरची व्याख्याने ऐकत आले आहेत. यंदाच्या मालेतही आपण असेच थोर विषय ऐकलेत. आणि आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत ते आंघोळीवर बोलायला! चिटणिसांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा आम्ही 'आंघोळ' एवढेच म्हणालो. ते म्हणाले, "मग उरकून घ्या. विषय सावकाश कळवा." हाच विषय आहे, हे त्यांना पटवून देता देता आमची पुरेवाट झाली.

पण क्षणभर विचार करा. आपल्या घरातली सर्वांत लहान खोली कोणती? न्हाणीघर. घरातले पाणी, वीज, विस्तव आणि निसरडी फरशी ही चारही एकाच ठिकाणी नांदतात ती खोली कोणती? न्हाणीघर. आणि ज्या खोलीत आपण एकटे, ओले आणि आतून कडी लावून असतो, तीही हीच. दिवाणखान्यात माणूस कोसळला तर चार जण धावतात. न्हाणीघरात कोसळला तर बाहेरच्यांना वाटते, आज जरा वेळ लागतो आहे. तेव्हा विषय वाटतो तेवढा हलका नाही. तो आमच्या स्वतःच्या घरात कसा जड झाला, ते पुढे सांगूच.

आता आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेला एक निरोप आठवू या. मोबाईलवर तो वर्षानुवर्षे फिरतो आहे. थंडी पडली की त्याला विशेष बहर येतो. निरोपाचा सारांश असा: आंघोळ करताना पहिला तांब्या कधीही डोक्यावर घेऊ नका. तसे केले की रक्त एकदम डोक्याकडे धाव घेते, मेंदूतल्या बारीक नसा फुटतात आणि पक्षाघात होतो. म्हणून आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, मग पोटावर, मग खांद्यांवर आणि सर्वांत शेवटी डोक्यावर पाणी घ्यावे. न्हाणीघरात पक्षाघात होण्याचे खरे कारण हेच. निरोपाच्या आधाराला कधी परदेशातल्या एखाद्या प्राध्यापकाचे बोट असते, कधी एखाद्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाचे. आणि शेवटी विनंती असते की हा निरोप दहा जणांना पाठवा, एकाचा तरी जीव वाचेल. जीव वाचवण्याचे पुण्य इतके स्वस्त मिळत असेल, तर ते कोण सोडणार? आम्हीही सोडले नाही.

या निरोपात तथ्य किती, ते पाहू. पक्षाघात म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अचानक बिघडणे. तो दोन प्रकारांनी बिघडतो. एक, रक्तवाहिनीत गुठळी अडकून. दहांपैकी आठ-साडेआठ रुग्णांत हेच घडते. दुसरा, रक्तवाहिनी फुटून. दोहोंची मुळे बहुधा वर्षानुवर्षांची असतात: वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि विडी-सिगारेट, हृदयाचे अनियमित ठोके. गार पाणी अंगावर पडले की रक्तदाब थोडा वेळ वाढतो, हे खरे आहे. ते पायांवर पडले तरी वाढतो आणि डोक्यावर पडले तरी वाढतो. परंतु धडधाकट माणसाच्या मेंदूतल्या वाहिन्या पहिला तांब्या डोक्यावर पडल्यामुळे फुटतात, याला पुरावा नाही. तसे असते, तर पोहण्याच्या तलावात डोक्याकडून उडी घेणारी पोरे काठावर परत आलीच नसती. आणि पर्वणीला गोदावरीत बुडी मारणाऱ्या यात्रेकरूंसाठी रामकुंडाच्या काठी रोज मोठे इस्पितळ उघडावे लागले असते.

मग कोणी म्हणेल, "पण आमच्या ओळखीतल्या अमक्या गृहस्थांना न्हाणीघरातच झटका आला, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके दिवसाच्या इतर वेळेपेक्षा सकाळी अधिक येतात, हे वैद्यकात चांगले सिद्ध झाले आहे. झोपेतून उठल्यावर रक्तदाब चढतो. रक्त गोठण्याचा कलही त्या वेळी अधिक असतो. आणि आपल्याकडे बहुतेक माणसे सकाळी कुठे असतात? शौचाला जोर केला तरी रक्तदाब वाढतो. न्हाणीघर आणि शौचालय पुष्कळ घरांत एकाच दाराआड असतात, हे आपण जाणताच. म्हणजे झटका न्हाणीघरात आला हे खरे. न्हाणीघरातल्या तांब्याने आला हे खरे नव्हे. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' ही म्हण आपल्या आजीलाही ठाऊक होती. संस्कृत पंडित तिलाच काकतालीय न्याय म्हणतात. फांदी आतून किडली होती, हे पाहायला मात्र झाडावर चढावे लागते. कावळा खालूनच दिसतो.

काही जण म्हणतील की आपल्या शास्त्रातही डोक्यावर ऊन पाणी घेऊ नये असे सांगितले आहे. सांगितले आहे, हे आम्ही मान्य करतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, म्हणजे हजार-बाराशे वर्षांहून जुन्या ग्रंथात, असे म्हटले आहे की कमरेखाली घेतलेले ऊन पाणी बळ देते आणि तेच डोक्यावर घेतले तर केसांचे व डोळ्यांचे बळ हरण करते. पण पाहा, बोलणे केसांचे आणि डोळ्यांचे आहे, पक्षाघाताचे नाही. त्याच ग्रंथात अर्दिताच्या, म्हणजे तोंड वाकडे झालेल्या, रुग्णाला स्नान वर्ज्य सांगितले आहे. पण रोग झालेल्याला पथ्य सांगणे वेगळे आणि ती गोष्ट रोगाचे कारण आहे असे म्हणणे वेगळे. लंगडणाऱ्याने डोंगर चढू नये म्हटले, म्हणून डोंगर चढल्याने माणूस लंगडा होतो असे ठरत नाही. जुन्या ग्रंथकाराने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घालणे, हा त्या ग्रंथकाराचा मान नव्हे.

आता आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आक्षेप घेतो. आमचे एक स्नेही म्हणाले, "अहो, खोटा असेना का तो निरोप! आधी पायांवर पाणी घेतल्याने कोणाचे काय जाते? झाला तर फायदा, नाही तर तोटा नाही." पुष्कळ दिवस आमचेही मत हेच होते. ते कसे बदलले, ते सांगतो. सांगताना संकोच वाटतो, कारण यात आमची शोभा नाही.

आम्ही निवृत्त विज्ञानशिक्षक. मेणबत्तीवर काचेचे भांडे पालथे घालून ती विझताना दाखवणे, हा प्रयोग आम्ही तीस वर्षे मुलांना दाखवला. आमचे घर एकत्र कुटुंबाचे. जुना वाडा पाडून त्या जागी इमारत झाली, तेव्हा आमच्या वाट्याला आलेल्या न्हाणीघरात आम्ही गॅसचा गिझर बसवून घेतला. खोली चार फूट रुंद, सहा फूट लांब. वर एक झरोका. एका माघ महिन्यात थंडी फार पडली. झरोक्यातून वारा येई, डासही येत. आम्ही स्वतः स्टुलावर चढून त्या झरोक्याला पुठ्ठा लावला आणि कडेने चिकटपट्टी मारली. घरातल्यांनी आमचे कौतुक केले. त्याच आठवड्यात तो पायांवर आधी पाणी घेण्याचा निरोप आम्हांला आला, आणि 'सर्वांनी काळजी घ्यावी' असा आशीर्वादपर मजकूर वर लिहून आम्ही तो कुटुंबाच्या गटावर पाठवला. पाहा, दोन्ही कामे आम्ही घराच्या काळजीपोटीच केली होती.

दोन दिवसांनी सकाळी आमची पुतणी आंघोळीला गेली. वय एकोणीस. तिचा कॉलेजचा पेपर होता. अर्धा तास झाला तरी ती बाहेर येईना. आतून पाण्याचा आवाज मात्र चालू. वहिनींनी दार वाजवले. "अगं, झालं की नाही? उशीर होईल ना!" उत्तर नाही. शेजारच्या मुलाने खांदा मारून कडी उखडली. पोरगी भिंतीला टेकून घसरलेली, शुद्ध नाही, नळ वाहतो आहे आणि गिझर पेटलेलाच आहे. माणसे गोळा झाली. तिला बाहेर आणून गादीवर निजवले. आणि गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "पहिलं पाणी डोक्यावर घेतलं असणार. परवाच मेसेज आला होता."

तो मेसेज आमचाच होता. त्या एका वाक्याने आम्हा सर्वांची बुद्धी बांधून टाकली. कोणी तिचे पाय चोळले, कोणी डोक्याला तेल थापले. करोनाच्या काळात घरोघरी आले तसे बोटाला लावायचे ऑक्सिमीटर यंत्र आमच्याकडेही होते. ते लावले, तर आकडा दाखवला ९८. आम्हांला हायसे वाटले. वहिनी तिचे कपडे आणायला पुन्हा न्हाणीघरात गेल्या आणि दाराशीच डोके धरून खाली बसल्या. तेव्हा कुठे आमच्या तीस वर्षांच्या नोकरीला जाग आली. गिझर बंद केला, पुठ्ठा ओरबाडून काढला, दोघींना इस्पितळात नेले. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि एकच प्रश्न विचारला, "घरात गॅस गिझर आहे का?"

वहिनी त्याच दिवशी बऱ्या झाल्या. पुतणीला तीन दिवस ठेवावे लागले आणि पुढे कित्येक आठवडे तिचे डोके दुखे, अभ्यासातले आठवत नसे. आज ती ठणठणीत आहे, म्हणूनच आम्ही हे बोलू शकतो. इस्पितळात तिला भेटायला गेलो, तेव्हा ती आमच्याकडे पाहून म्हणाली, "काका, मी आधी पायांवरच घेतलं होतं हो पाणी. तुम्ही सांगितलं होतं ना."

बंधुभगिनींनो, निरुपद्रवी निरोपाचा तोटा काय, याचे उत्तर आम्हांला त्या वाक्यात मिळाले. पोरीने आमची आज्ञा पाळली होती. पहारा होता, पण चुकीच्या दारावर होता. आणि पुढच्या दारावर पहारेकरी उभा आहे या समाधानात आम्ही मागचे दार स्वतःच्या हाताने सताड उघडे टाकले होते.

आता त्या खोलीत काय घडले, ते समजून घेऊ. गॅस जळायला हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर घ्या. थंडीतले पाणी २५ अंशांनी तापवायचे, तर वाया जाणारी उष्णता धरून त्याला तासाला सुमारे एक किलो गॅस लागतो. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे जवळजवळ १२ ते १३ घनमीटर. पाव तासाचा हिशेब केला, तर तीन घनमीटर झाले. आता आमची खोली मोजा. चार गुणिले सहा गुणिले आठ, म्हणजे १९२ घनफूट. घनमीटरांत साडेपाचसुद्धा नाही. म्हणजे झरोका बंद असेल, तर पाव तासात त्या खोलीतल्या निम्म्याहून अधिक हवेतला प्राणवायू गिझर एकटा पिऊन टाकू पाहतो. माणसाच्या वाट्याला काय राहणार? आणि तेवढी वेळ येण्याच्या आधीच ज्वाला अर्धपोटी जळू लागते. अर्धपोटी जळणाऱ्या ज्वालेतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो.

या वायूला रंग नाही, वास नाही, तो घशाला खवखवत नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास कंपनीने मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूत वास मिसळायला कोणी बसलेले नाही. रक्तातल्या ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. मग पायांतले बळ जाते. दार दोन हातांवर असते आणि कडीपर्यंत हात पोचत नाही. बोटाचे ऑक्सिमीटर इथे फसते. हा वायू चिकटलेले रक्त आणि प्राणवायू चिकटलेले रक्त यांतला भेद त्याला कळत नाही, म्हणून रुग्ण गुदमरलेला असतानाही ते ९८ दाखवू शकते. खरी स्थिती कळते ती रक्ताच्या तपासणीनेच. उपचार म्हणजे मोकळी हवा आणि शुद्ध प्राणवायू. साध्या हवेत रक्तातले हे विष निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला, तर सुमारे दीड तास. न्हाणीघरात बेशुद्ध झालेले, आकडी आलेले असे गिझरचे रुग्ण आपल्या देशातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवून ठेवले आहेत. काहींना आधी फेफऱ्याचा रोगी समजण्यात आले होते.

हे ज्ञान काही कालचे नाही. इंग्लंडातले शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून, स्वतःचे रक्त तपासून, त्याचे परिणाम १८९५ साली प्रसिद्ध केले. खाणीत पिंजऱ्यातला लहान पक्षी न्यावा, म्हणजे तो माणसाच्या आधी लुळा पडून सूचना देईल, ही युक्तीही त्यांचीच; ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत हे पक्षी १९८६ पर्यंत नोकरीला होते. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तले. पुढे, १९०२ साली, पॅरिसमध्ये सुप्रसिद्ध कादंबरीकार एमिल झोला रात्री शेकोटी पेटवलेल्या आपल्या खोलीत झोपले आणि सकाळी मृत आढळले. शेकोटीचे धुराडे तुंबले होते. ज्या लेखणीने फ्रान्सचे सरकार हादरवले, तिच्या मालकाला धुराड्यातल्या अडथळ्याने नेले. आमचा पुठ्ठा आणि ते धुराडे यांत फरक तो काय?

आमच्या लहानपणी तांब्याचा बंब असे. त्याला मधोमध धुराचे नळकांडे असे आणि तो ठेवलेला असे परसात किंवा पडवीत. विस्तव बाहेर, पाणी घंगाळात, माणूस पाटावर. त्या वेळच्या लोकांना वायूंचे शास्त्र ठाऊक होते असा दावा आम्ही करणार नाही. धुराने डोळे चुरचुरतात एवढे त्यांना ठाऊक होते, आणि तेवढ्याने ते वाचत. आता ज्वाला स्वच्छ झाली, धूर दिसेनासा झाला, म्हणून आपण विस्तव आत घेतला आणि वर दार लावून घेतले. गिझर बसवायचा तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवावा आणि आत फक्त पाण्याचा नळ न्यावा. तो बाहेर नेणे होईपर्यंत निदान एवढे करावे: झरोका कायम उघडा ठेवावा, दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच आत जाऊन कडी लावावी. वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून तो साफ करून घ्यावा. ज्वाला पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर तोवर वापरू नये. पण निळी ज्वाला दिसली म्हणून झरोका बुजवू नये.

न्हाणीघरातले बाकीचे धोकेही असेच साधे आहेत, आणि साधे आहेत म्हणूनच त्यांचा निरोप कोणी पाठवत नाही. बादलीत सोडायची विजेची कांडी घ्या. पाणी तापले का, हे ती चालू असताना बोट घालून पाहणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग कांडी बाहेर आणि मग हात पाण्यात. ओल्या कातडीतून वीज सहज शिरते. घराच्या मुख्य फळीवर गळती ओळखून वीज तोडणारे यंत्र बसवून मिळते. लग्नातल्या आहेराहून ते स्वस्त पडते. तान्ही मुले घ्या. साठ अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत खोल भाजते. मुलाची त्याहून लवकर. म्हणून बादलीत नेहमी आधी गार पाणी ओतावे, मग कढत. रांगते मूल भरलेल्या बादलीत डोकावले तर उलटे पडते आणि त्याला वर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरते. वडीलधारी माणसे घ्या. त्यांच्यासाठी भिंतीला धरायला एक दांडी, पायाखाली खरखरीत रबर आणि बसायला पक्के स्टूल, एवढ्याने खुब्याची कित्येक हाडे वाचतील. आतली कडी बाहेरून उघडता येईल अशी असावी, हे तर प्रत्येक सुताराला सांगण्यासारखे आहे.

पाण्याने माणूस खरोखर दगावतो, तो कसा, हे पाहायचे तर जपानकडे पाहावे. तिथे संध्याकाळी ऊन पाण्याच्या खोल टबात गळ्यापर्यंत बसून राहण्याची चाल आहे. हिवाळ्यात गार खोलीत कपडे उतरवायचे, रक्तदाब चढतो. मग ऊन पाण्यात शिरायचे, वाहिन्या सैलावून तो उतरतो. वृद्ध माणसाला गुंगी येते आणि तो पाण्यातच घसरतो. असे हजारो वृद्ध तिथे दरवर्षी बुडतात. रस्त्यावरच्या अपघातांत मरणाऱ्या वृद्धांपेक्षा ते अधिक आहेत. तिथल्या सरकारने यावर काय सांगितले? कोणत्या अवयवावर आधी पाणी घ्यायचे, हे नव्हे. कपडे बदलण्याची खोली उबदार ठेवा, पाणी ४१ अंशांच्या वर नको, दहा मिनिटांहून अधिक बसू नका, एकदम उठू नका, जेवल्या जेवल्या किंवा मद्य घेऊन जाऊ नका, आणि जाताना घरात सांगून जा. आधी मोजले, मग कारण शोधले, मग सूचना दिली. निरोपात आधी सूचना असते; मोजलेले काहीच नसते.

या निरोपाचा एक धाकटा भाऊ आहे, तो मात्र सरळ जीवघेणा आहे. तो सांगतो, पक्षाघात झालेल्या माणसाच्या दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, तो शुद्धीवर येतो. असे कदापि करू नका. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते, आणि ते देण्याआधी मेंदूचे छायाचित्र काढून वाहिनी फुटलेली नाही ना, हे पाहावे लागते. ज्या घरात सुई शोधतात, त्या घरात घड्याळ चालूच असते. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर उचलेना, जीभ जड झाली, यांपैकी एक जरी अचानक दिसले तरी १०८ ला फोन करावा, वेळ लिहून ठेवावी आणि निघावे.

असा कोणताही निरोप आला, तर आम्ही आता स्वतःला चार प्रश्न विचारतो, आपणही विचारावेत. हे म्हणाले कोण, आणि त्या माणसाचा ठावठिकाणा लागतो का? हे त्यांना कळले कसे, कोणी किती माणसे मोजली? जे घडले त्याचे दुसरे साधे कारण असू शकते का? आणि चौथा प्रश्न, जो आम्हांला महाग पडला: ही भीती बाळगताना मी कोणत्या खऱ्या भीतीकडे पाठ फिरवतो आहे? चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर तो निरोप पुढे ढकलू नये. तो थांबवल्याने कोणी मरत नाही.

थोडक्यात, आंघोळीत क्रमाला महत्त्व नाही असे नाही. फार महत्त्व आहे. पण ते अंगावर पाणी घेण्याच्या क्रमाला नाही. आधी झरोका, मग विस्तव. आधी गिझर बंद, मग कडी. आधी पिन बाहेर, मग हात आत. आधी गार, मग कढत. एवढा क्रम सांभाळल्यावर पहिला तांब्या डोक्यावर घ्या, पायांवर घ्या, की आजोबांसारखा तुळशीपुढे हात जोडून खांद्यावर घ्या. तो आपला आणि आपल्या आवडीचा प्रश्न आहे.

आज घरी गेल्यावर आपण एकच काम करावे, अशी आमची विनंती आहे. कपडे बदलण्याआधी न्हाणीघरात जाऊन मान वर करावी आणि झरोका उघडा आहे का, ते पाहावे. त्याला पुठ्ठा लावलेला असेल, तर तो काढून टाकावा. आमच्या झरोक्याचा पुठ्ठा आम्ही टाकलेला नाही. तो आमच्या टेबलाच्या खणात आहे. निरोप पुढे पाठवायला बोट शिवशिवले, की आम्ही तो खण उघडतो.